अंगण-गच्चीतील बैठक

अंगण-गच्चीतील बैठक : घराच्या भिंतींबाहेर पण घराच्याच आवारात, म्हणजे अंगण, ओसरी, पडवी, परसू, गच्ची किंवा बाल्कनी येथे बसण्या-टेकण्यासाठी केलेली व्यवस्था. दगडी कट्ट्यासारखी बांधीव आसने आणि खुर्ची, बाक, बाज, मेज, झोपाळा, छत्री यांसारख्या हलत्या वस्तू या दोन्हींचा तीत समावेश होतो. महाराष्ट्रात व गोव्यात अशा जागी माणसे बसतात ती साधारणपणे ऑक्टोबर ते मे या काळात. वस्तूंची खरी परीक्षा मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत होते, आणि दुकानात पसंत पडलेल्या बहुतेक वस्तू तिथेच नापास होतात.

जुन्या घरांनी हा प्रश्न आसनांचे दोन वर्ग पाडून सोडवला होता. जे जागचे हलणार नाही ते दगडामातीचे : दाराबाहेरचा ओटा, वाड्याच्या चौकाकडेची ओसरी, गावातला झाडाभोवतीचा पार, कोकणातला जांभ्याचा कट्टा. उरलेले सारे एकट्या-दुकट्याला उचलून आत नेता येईल इतके हलके : बाज, घोंगडी, चटई, पाट, बाकडे. झोपाळा या दोहोंच्या मधला, म्हणून तो तुळईला कड्यांनी टांगून छपराखाली ठेवला जाई. कोकणात तर बाहेरची खोलीच हंगामी असे. पाऊस सरला की घरापुढचे खळे चोपून सारवायचे, वर झावळ्यांचा मांडव घालायचा आणि मृगापूर्वी तो उतरवायचा. गोव्यातील जुन्या घरांचा बाल्कांव हे बांधीव पद्धतीचे सर्वांत देखणे रूप आहे. रस्त्याकडे तोंड करून पायऱ्यांच्या वर असलेल्या या छपरी ओसरीत दोन्ही बाजूंना समोरासमोर दगडी आसने, म्हणजे सोपे, बांधलेले असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येते, त्याला घरात मात्र घ्यावे लागत नाही.

बंगले व बागा आल्या तशा व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, लांब हातांची आरामखुर्ची आणि बागेत ओतीव लोखंडाचे बाक आले. पुढे लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिकच्या वायरीने विणलेली खुर्ची घरोघरी पोचली. एकाच साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीचा नमुना आंरी मासोने या फ्रेंच अभिकल्पकाने १९७२ मध्ये बाजारात आणला. वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात सोडून दोनेक मिनिटांत अख्खी खुर्ची बाहेर पडते. या खुर्चीची कुचेष्टा फार होते. तरीही हलकी, एकावर एक रचता येणारी आणि धुऊन स्वच्छ होणारी ही वस्तू बाजेच्या वंशातली आहे, आणि कोकणातल्या पावसाला ती कॅटलॉगमधल्या पुष्कळ महागड्या संचांपेक्षा चांगले उत्तर देते. उलट, जाड गाद्यांचा सोफा, काचेचे मेज आणि दोन रुंद खुर्च्या असा संच उचलून आत नेण्यास जड आणि बाहेर राहण्यास कच्चा ठरतो.

साहित्य : लाकडांत साग अग्रगण्य आहे. त्यातील नैसर्गिक तेलांमुळे वाळवी व बुरशी त्याला सहसा लागत नाही आणि ओल-ऊन सोसूनही तो फारसा फुगत-आखडत नाही. हा गुण गाभ्याच्या लाकडाचा, म्हणजे मध्यकाष्ठाचा. सालीलगतच्या फिकट लाकडाला, रसकाष्ठाला तो नसतो. म्हणून सागाचे बाक घेताना झाडाच्या नावापेक्षा फळ्यांच्या कडा पाहाव्यात, पांढरट पट्टे दिसले तर ती फळी आधी जाणार. बाहेर ठेवलेला साग वर्षा-दोन वर्षांत रुपेरी करडा होतो. उन्हातील अतिनील किरणांनी वरच्या थरातील लिग्निन नष्ट होते, एवढेच त्याचे कारण. हा बदल वरवरचा असतो आणि त्याने ताकद कमी होत नाही. त्यावर दरवर्षी जवसाचे तेल चोपडण्याची रीत दमट हवेत उलटते, कारण त्या तेलावरच काळी बुरशी धरते. आंब्याचे लाकूड स्वस्त व देखणे असले तरी उघड्यावर टिकत नाही. प्लायवूड व भुशाचे दाबफळे छपराखालीही झडीने फुगतात. लाकूड कोणतेही असो, ते कुजू लागते पायांच्या तळापासून, कारण आडव्या कापलेल्या टोकातून पाणी वर शोषले जाते. पायांना रबरी टोपणे घालणे आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरणे या दोन स्वस्त गोष्टी महागड्या पॉलिशपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

बांबूंपैकी सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचा माणगा हा जवळजवळ भरीव असल्याने खुर्च्या-बाकांना उत्तम, आणि कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने त्याच्या फर्निचरचे काम नावारूपाला आणले आहे. बांबूत पिष्ट असते आणि भुंगेरे त्यासाठीच तो पोखरतात. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेला बांबू किडीला दाद देत नाही, पण हे क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने उघड्या पावसात हळूहळू धुऊन निघतात. म्हणजे बांबू ओसरीचा, अंगणाचा नव्हे. वेताचेही तेच. हल्ली ‘वेताचे’ म्हणून विकले जाणारे बाहेरचे संच बहुधा पॉलिएथिलिनच्या पट्ट्यांनी विणलेले असतात. त्यांचा दर्जा विणीपेक्षा आतल्या सांगाड्यावर ठरतो : ॲल्युमिनियम असेल तर ठीक, साधा लोखंडी पाइप असेल तर पट्ट्या शाबूत असतानाच आतून गंज फुटतो.

धातूंची निवड समुद्र किती जवळ आहे यावर अवलंबून असते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड रंगाला ओरखडा पडेल तिथून गंजते, तेव्हा जस्ताचा मुलामा व त्यावर पावडर कोटिंग अशी दुहेरी संरक्षक पुटे हवीत. स्टेनलेस स्टीलही सर्व सारखे नसते. नेहमीच्या ३०४ प्रतीवर अलिबाग-वेंगुर्ल्याकडे तपकिरी डाग पडतात. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती मिठाला अधिक तोंड देते. नागपूर-चंद्रपूरकडे मिठाचा प्रश्न नाही, पण मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो आणि दुपारभर तापलेल्या धातूच्या हातावर संध्याकाळीही कोपर टेकवत नाही. तिथे नवारीची किंवा सुतळीची बाज अजूनही सरस, कारण तिच्या विणीतून खालून वारा लागतो.

प्लास्टिकचा शत्रू ऊन. पॉलिप्रोपिलीन अतिनील किरणांनी ठिसूळ होते. खुर्चीवरून हात फिरवल्यावर खडूसारखी पूड लागली की तिचे पाय कधीही दुमडू शकतात असे समजावे आणि ती वयस्कर माणसाला देऊ नये.

बांधीव आसनांत जांभा कोकणाचा आणि काळा पाषाण घाटावरचा. जांभा सच्छिद्र असल्याने पावसात त्यावर शेवाळ धरते, म्हणून कट्ट्याच्या माथ्यावर फरशी बसवतात. शहाबादी, कडाप्पा व कोटा या तिन्ही फरशा चुनखडकाच्या आहेत. लिंबू, चिंच वा कोकमाचा डाग त्यांच्यावर कायमचा राहतो. कडाप्पा काळा असल्याने उन्हात चटका देतो. बाहेर बसायला खडबडीत शहाबादी बरी. माथा किंचित उतरता ठेवला नाही तर पाणी साचते, आणि हे गवंड्याला आधीच सांगावे लागते, कारण सवयीने तो पाणसळ लावून सपाट करतो.

दिशा : मांडणीची सुरुवात खुर्च्यांपासून न करता ऊन आणि झड यांपासून करावी. मुंबईच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सु. ४७° वर असतो, तर मेच्या मध्यावर तो थेट माथ्यावर येतो. त्यामुळे हिवाळ्यातील उबेसाठी दक्षिणेची मोकळी बाजू उत्तम. उन्हाळ्यातल्या दुपारी वरचे छप्पर किंवा छत्री पुरते, पण चारनंतरचे पश्चिमेचे तिरपे ऊन छत्रीखालून आत घुसते. त्याला उभा आडोसाच लागतो : वेल, चटईचा पडदा, कुड. पावसाची झडही मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येते. म्हणजे एकाच बाजूचा आडोसा दोन्ही ऋतूंना उपयोगी पडतो आणि बैठकीची पाठ त्या बाजूला असलेली चांगली. पश्चिमेला समुद्र किंवा दरी दिसत असेल तर मात्र हा नियम कोणी पाळत नाही, पाळूही नये. तिथे गुंडाळता येणारा पडदा लावावा.

मापे : जेवणाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून ४२–४५ सेंमी. आणि मेज ७२–७५ सेंमी. उंच असावे. चौघांसाठी ९०–१०० सेंमी. व्यासाचे गोल मेज पुरते. पण खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी मेजाच्या कडेपासून आणखी ७५–९० सेंमी. जागा लागते, आणि गफलत होते ती इथेच : मेज मावते, माणसे मावत नाहीत. आरामाच्या आसनांची उंची ३५–४० सेंमी. ठेवतात. घरात गुडघेदुखीचे कोणी असेल, आणि मराठी घरात ओसरीवर सर्वांत जास्त वेळ तेच बसतात, तर एक तरी आसन ४५ सेंमी.पेक्षा उंच व हातांचे असावे. समोरासमोर बसणाऱ्यांमध्ये दीड ते अडीच मीटर अंतर असले म्हणजे आवाज न चढवता बोलता येते. फाटकापासून दारापर्यंतची वाट बैठकीतून जाऊ नये. ती किमान ९० सेंमी. मोकळी राहावी आणि बसलेल्याला फाटक दिसावे. तुळशीवृंदावनाभोवती प्रदक्षिणेची जागा सोडून मगच आसने मांडतात. झोपाळ्याला पुढेमागे प्रत्येकी मीटरभर तरी मोकळीक हवी, शिवाय त्याच्या रेषेत दार येऊ नये. लहान मुले त्या दारातून धावत बाहेर येतात.

गच्ची व बाल्कनी : शहरी बाल्कनी अनेकदा जेमतेम १.२ मी. रुंद असते. कठड्याकडे तोंड करून खुर्ची ठेवली की ६० सेंमी. तिनेच घेतले, उरलेल्यात पायही पसरत नाहीत आणि कोणाला मागून जाताही येत नाही. लांबीच्या दोन टोकांना समोरासमोर दोन आसने आणि मध्ये भिंतीला घडी होणारी फळी, हीच अशा जागी चालणारी रचना. कठड्याला लागून बाक ठेवू नये. मूल त्यावर चढले की कठड्याची उंची बाकाएवढी कमी होते.

वजनाचा विचार क्वचितच होतो. भारतीय मानक ८७५ (भाग २) प्रमाणे निवासी बाल्कनीसाठी दर चौ. मी.ला ३ किलोन्यूटन, म्हणजे सु. ३०० किग्रॅ., चलभार धरतात. ये-जा असलेल्या गच्चीसाठी तो १.५ किलोन्यूटन म्हणजे त्याच्या निम्माच असतो. ३० सेंमी. जाडीचा भिजलेल्या मातीचा थर एकटाच दर चौ. मी.ला सु. ५०० किग्रॅ. भरतो. तेव्हा गच्चीवर मातीचे वाफे व दगडी बाक एकत्र आणण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याला विचारणे भाग आहे. जड वस्तू स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळई-खांबांच्या वर येतील अशा ठेवाव्यात. हलक्या वस्तूंचे संकट उलट दिशेचे, वाऱ्याचे. मेमधल्या वळवाच्या वावटळीत उघडी छत्री गच्चीवरून सहज उडते. अडीच मीटर व्यासाच्या छत्रीला ३०–४० किग्रॅ.चा पाया लागतो आणि तरीही बैठक उठली की ती मिटावी. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळासारख्या वेळी तर गच्चीवर काहीही सुटे ठेवणे शेजाऱ्यांना धोक्याचे. आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पहिला हक्क पापड-कुरडयांच्या वाळवणाचा असतो. फर्निचर त्या काळात भिंतीकडे सरकेल, असेच घ्यावे.

पावसाळी बंदोबस्त : मेअखेर गाद्या, उशा व दोरीच्या वस्तू आत जातात. जे बाहेरच राहणार ते तिरपे किंवा पालथे घालावे. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आतल्या दमट हवेने लाकडावर बुरशी येते, म्हणून खालून वारा खेळेल इतकी ती वर ठेवावी. तिच्या खळग्यांत, खुर्चीच्या खोलगट बैठकीत आणि उघड्या पाइपांच्या तोंडांत साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला अंडी घालण्यास पुरते. पाइपांना बुचे बसवावीत व आठवड्यातून एकदा सगळे झटकावे. रचून ठेवलेल्या खुर्च्यांत विंचू आणि मेजाखाली गांधीलमाश्यांची पोळी सापडणे कोकणात नवलाचे नाही. ऑक्टोबरच्या उन्हात सर्व वस्तू एकदा धुऊन वाळवतात, त्याच वेळी सैल बाजेची दोरी पायथ्याकडून ताणून घेतात आणि वायरीच्या खुर्च्या पुन्हा विणून घेतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत गच्ची ही सामायिक जागा असते. तेथे कायमची आसने मांडण्यास संस्थेची परवानगी लागते, आणि जिना, गच्चीचे दार व आगीच्या वेळी आश्रयासाठी राखलेली जागा यांच्या वाटेत कोणतीही वस्तू ठेवता येत नाही.