वेगळी चूल : ओपनऑफिस ते लिब्रेऑफिस

१/ सोर्स कोड खुला झाला म्हणजे सॉफ्टवेअर सर्वांच्या मालकीचे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. कोड, नाव आणि निर्णयाचा अधिकार या तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, हे २०१० साली एका मोठ्या फुटीने दाखवून दिले. त्या फुटीचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १९८५ साली जर्मनीतील ल्युनेबुर्ग येथे मार्को ब्योरीस या शाळकरी मुलाने ‘स्टारडिव्हिजन’ ही कंपनी काढली. तिच्या स्टाररायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमधून पुढे ‘स्टारऑफिस’ हा संच उभा राहिला. ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली.

३/ कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या बाजारावर तेव्हा मायक्रोसॉफ्टचे निर्विवाद वर्चस्व होते. त्याला शह देण्यासाठी सनने १३ ऑक्टोबर २००० रोजी स्टारऑफिसचा कोड खुला केला आणि ओपनऑफिस प्रकल्प जन्मास आला. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी भाषांतर, चाचणी आणि प्रसार यांचा भार उचलला. मे २००२ मध्ये १.० ही आवृत्ती आली.

४/ मात्र सूत्रे सनच्याच हाती होती. कोड देणाऱ्यास त्याच्या स्वामित्वहक्कात सनला वाटेकरी करून घेणाऱ्या करारावर सही करावी लागे. ट्रेडमार्क सनचा, बहुतेक पगारी अभियंतेही सनचे. स्वतंत्र फाउंडेशन स्थापण्याची घोषणा २००० सालीच झाली होती. ती दहा वर्षे कागदावरच राहिली.

५/ बाहेरच्यांच्या सुधारणा मूळ प्रकल्पात सहजी शिरत नसत. म्हणून नोव्हेलच्या अभियंत्यांनी त्या ‘गो-ओओ’ नावाच्या निराळ्या संचात जपल्या, आणि लिनक्सच्या अनेक वितरणांनी तोच संच स्वीकारला. म्हणजे घर एकच असले तरी आतून भिंत पडू लागली होती.

६/ जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सनचा ताबा पूर्ण केला. ऑगस्टमध्ये सनच्याच ओपनसोलॅरिस या खुल्या प्रकल्पाचा आधार ओरॅकलने काढून घेतल्याचे उघड झाले. आता आपली पाळी, ही शंका ओपनऑफिसच्या स्वयंसेवकांत बळावली.

७/ २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली. ओरॅकलने यात सामील व्हावे आणि ओपनऑफिस हे नाव द्यावे, अशी विनंतीही केली. नाव मिळेपर्यंत म्हणून ‘लिब्रेऑफिस’ हे तात्पुरते नाव घेतले. गूगल, रेड हॅट, नोव्हेल, कॅनोनिकल या कंपन्यांनी पाठिंबा दिला.

८/ नाव मिळाले नाही. उलट ऑक्टोबरमध्ये प्रकल्पाच्या परिषदेत, हितसंबंधांच्या संघर्षाचे कारण देऊन, नव्या फाउंडेशनशी संबंधित सदस्यांनी पदे सोडावीत अशी मागणी झाली. अनेकांनी ओपनऑफिस सोडले. कोड नेण्यास मात्र कोणी अडवू शकले नाही. परवान्यानेच तो अधिकार दिला होता.

९/ २५ जानेवारी २०११ रोजी लिब्रेऑफिस ३.३ आले, त्यात गो-ओओच्या सुधारणाही होत्या. जर्मन कायद्यानुसार फाउंडेशनसाठी ५०,००० युरोंचे भांडवल हवे होते. फेब्रुवारीत केलेल्या आवाहनानंतर ते आठ दिवसांत लोकवर्गणीतून जमले.

१०/ एप्रिल २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिसचा व्यापारी विकास थांबवल्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये कोड व नाव अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिले. इथे जुना करार कामी आला. स्वामित्वहक्क हाती असल्याने कोडचा परवाना बदलण्यासाठी ओरॅकलला स्वयंसेवकांना विचारावे लागले नाही. नवा परवाना बंदिस्त उत्पादनांतही कोड वापरू देणारा होता. याच कोडवर ‘लोटस सिम्फनी’ उभारणाऱ्या आयबीएमने या निर्णयाला पाठिंबा दिला.

११/ परिणाम विचित्र झाला. काम करणारे बहुतेक हात लिब्रेऑफिसकडे गेले, तर ओळखीचे नाव ओपनऑफिसकडे राहिले. २०१४ च्या ४.१ नंतर तिथे मुख्यतः दुरुस्त्यांच्याच आवृत्त्या निघाल्या, तरी केवळ नावावर विसंबून लोक ते डाउनलोड करीत राहिले.

१२/ या कथेत कंपन्या सरसकट खलनायक नाहीत. सनचा पैसा नसता तर हा कोड खुलाच झाला नसता, आणि लिब्रेऑफिसचा मोठा भागही कंपन्यांचे पगारी अभियंतेच लिहितात. फरक घटनेत आहे : ट्रेडमार्क फाउंडेशनचा, आणि तिच्या मंडळात एकाच कंपनीच्या माणसांचे बहुमत होऊ नये अशी मर्यादा. वेगळी चूल मांडण्याचा हक्क परवाना देतो. पण घराचे नाव कोणाच्या नावे आहे, हे पहिल्याच दिवशी पाहावे लागते.