पत्र्याचा सांधा

कल्याण-नगर रस्त्याने ओतूर सोडून आळेफाट्याकडे निघाले की वाटेत आमचे पिंपरी पेंढार लागते. तिथे आमच्या पडवीत काकांची जुनी फियाट उभी असते. काकांची उभी हयात मुंबईत गेली, गाडीचीही. आणि तिथल्या खाऱ्या वाऱ्याने माणसाआधी पत्रा खाल्ला. परवा डाव्या दाराखाली मी बोट टेकवले, तर ते थेट आत गेले! वर रंग शाबूत, आत नुसता गंज. पूर्वी कुणा कारागिराने भोकात पुट्टी भरून वरून रंग फासला होता.

चार बोटे पत्र्यासाठी एवढा गहजब कशाला, असे वाचक म्हणतील. पण या गाडीची कुळकथाच निराळी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. त्या काळच्या बहुतेक मोटारी बैलगाडीच्याच वळणाच्या होत्या: खाली भक्कम सांगाडा, वर डोलारा. डोलारा कुजला तरी गाडी चाले. १९५३ साली इटलीत निघालेल्या फियाट ११०० ला मात्र खाली वेगळा सांगाडाच नव्हता. पत्रा हीच तिची हाडे. पुढल्याच वर्षी ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. (ते पाहायला वालचंद उरले नव्हते.) अशा गाडीची दाराखालची पोकळ पट्टी गेली, की सारा भार ढळतो. आणि मुंबईच्या रस्त्यांवरून या घराण्याच्या टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरल्या. तयार भाग शोधायचा कुठे?

आमच्या गावच्या लोहाराला लोखंड सांधता येत नव्हते असे नाही. चाकाच्या धावेची दोन टोके भट्टीत पांढरी होईतो तापवून घणाखाली एकजीव करणे ही त्याची पिढीजात विद्या. दख्खनच्या किल्ल्यांवरल्या बांगडी तोफा याच विद्येच्या; लोखंडी पट्ट्यांभोवती तापल्या कड्या चढवून घडवलेल्या. पण कागदासारखा पत्रा भट्टीत धरला तर जळून जायचा, आणि उभ्या गाडीवर घण कसा घालणार? त्याला हवी होती बोटाएवढी, पण भट्टीहून प्रखर ज्योत. ती कार्बाइडमधून आली. जत्रेतल्या दुकानांवर आजोबांच्या पिढीने जे कार्बाइडचे दिवे पाहिले, त्यांचाच तो वायू. त्यात प्राणवायू मिसळला तर ज्योत तीन हजार अंशांपलीकडे जाते, हे फ्रान्सच्या ल शातेलिए यांनी १८९५ मध्ये दाखवले. १९०३ च्या सुमारास फूशे आणि पिकार यांनी ती हातात धरता येईल अशी नळी केली.

तीच नळी घेऊन एक वेल्डर आमच्या अंगणात आला. आधी पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरीच्या तारा सोडल्या, बैठकी बाहेर काढल्या, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. गाडी ठोकळ्यांवर समतल बसवून, दार मिटून, कडेच्या फटी मापल्या. मग चकचकीत धातू लागेपर्यंत तो कापत गेला. चार बोटांचे भोक वीतभर झाले. काकांना ते बघवेना, ते आत जाऊन बसले. नवा तुकडा त्याने एका दमात जोडला नाही. इथे एक ठिपका, तिथे एक, मध्ये थांबायचे. सलग ज्योत धरली तर पत्रा पापडासारखा वळतो. शेवटी सांधा घासला, आतून-बाहेरून लाल रोगण दिले.

संध्याकाळी मी दार लोटले. नीट लागले. फटी पुन्हा मापल्या, सकाळच्याच भरल्या. आवाज ऐकून काका काठी टेकत बाहेर आले, आणि काही न बोलता त्यांनी कोपरीच्या खिशातून किल्ली काढली.