जुन्या वनपालगृहाशेजारचे मैदान

वास्तूचा इतिहास लिहिताना आपण सहसा ती कोणी बांधवली याची नोंद करतो. कोणी बांधली हा प्रश्न क्वचितच विचारतो. राजाचे वा कंत्राटदाराचे नाव उरते, पाथरवटाचे उरत नाही. बर्लिनच्या आग्नेय टोकाला, क्योपेनिक भागातील एका फुटबॉल मैदानाच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात, म्हणून तो साहित्याच्या अभ्यासकालाही विचार करायला लावतो.

मैदानाचे नाव 'आन डेअर आल्टेन फोर्स्टेराय', म्हणजे 'जुन्या वनपालगृहापाशी'. युनियन हा संघ जवळच्या ओबरश्योनेवाइड या कारखान्यांच्या वस्तीत १९०६ साली जन्मला आणि १९२०मध्ये जंगलाच्या कडेच्या या जागी आला. खेळाडूंच्या निळ्या पोशाखावरून त्यांना 'कुलूपकाम करणारी पोरे' म्हणत. १९५०मध्ये अंतिम फेरीसाठी पश्चिमेकडे जाण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हा बहुतेक खेळाडू सीमा ओलांडून गेले ते परतलेच नाहीत. संघ दुभंगला; मैदान मात्र पूर्वेत राहिले.

आजचा क्लब १९६६ साली स्थापन झाला. गुप्तपोलिसांचा आश्रय लाभलेल्या डायनॅमो संघाशी त्याचे वैर होते. त्यामुळे युनियन म्हणजे राजवटीविरुद्धचा आवाज, अशी आख्यायिका रूढ झाली. ती पूर्णतः खोटी नाही, पण पूर्णतः खरीही नाही. या क्लबच्या स्थापनेमागे सरकारमान्य कामगार महासंघाचे पाठबळ होते. मात्र पायऱ्यांवर उभे राहून जे ओरडता येई ते रस्त्यावर ओरडता येत नसे, हेही तितकेच खरे.

भिंत १९८९मध्ये पडली आणि हाल सुरू झाले. खेळात पात्र ठरूनही १९९३ आणि १९९४ साली वरच्या श्रेणीचा परवाना मिळाला नाही. २००४मध्ये चाहत्यांनी रक्त देऊन त्याचा मोबदला क्लबला दिला. पुढे मैदानच निकषांत बसेना, तेव्हा २००८च्या उन्हाळ्यात चाहते स्वतः फावडी घेऊन उतरले. दोन हजारांहून अधिक लोकांनी सुमारे १,४०,००० तास काम केले आणि ८ जुलै २००९ रोजी हेर्टा संघाविरुद्धच्या सामन्याने मैदान पुन्हा खुले झाले.

यासाठी मराठीत सहज सुचणारा शब्द म्हणजे 'श्रमदान'. पण तो येथे जपून वापरावा लागेल. पूर्व जर्मनीत 'सुबोत्निक' नावाचे स्वयंसेवी काम असे आणि त्यातील स्वेच्छा पुष्कळदा वरून ठरलेली असे. ज्यांनी ते अनुभवले होते, त्यांच्यातील कित्येकांनी वीस वर्षांनी कोणाच्याही हुकुमाविना सिमेंट कालवले. कृती तीच; कर्ता बदलला आणि शब्दाला त्याचा गेलेला अर्थ परत मिळाला. आपल्याकडेही सरकारी पत्रकांतून झिजलेला हा शब्द तपासून पाहताना हे उदाहरण आठवावे.

मैदानाबाहेर या बांधणाऱ्यांचे स्मारक आहे. लाल शिरस्त्राण आणि त्यांची नावे. २०११मध्ये मैदानाचे पाचशे युरोंचे समभाग निघाले, ते चार हजारांहून अधिक लोकांनी घेतले. २०१९ साली संघ प्रथमच बुंडेसलीगात पोहोचला. १८ ऑगस्टच्या पहिल्या घरच्या सामन्यात लोकांनी दिवंगत चाहत्यांची छायाचित्रे उंचावून धरली. हा दिवस न पाहताच जे गेले, त्यांनाही मैदानात आणले. सामना लाइपझिगने चार गोलांनी जिंकला.

यशाने नवा पेच उभा केला आहे. येथे सुमारे बावीस हजार माणसे मावतात आणि त्यांतील बहुसंख्य उभ्याने सामना पाहतात. २०२३-२४ च्या चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये खेळावे लागले. विस्ताराची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. तो हातांनी होणार नाही, हे उघड आहे. मग त्या वास्तूला 'आपण बांधलेली' म्हणता येईल का? स्मारकावरील नावे तेव्हाही तेथेच असतील; प्रश्न आहे तो ती वाचणाऱ्यांचा.