लातूर की नांदेड? अकरावी विज्ञानाचा प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की कंधार, मुखेड, अहमदपूर, किनवटच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. लेकराला लातूरला ठेवायचे की नांदेडला? गावातला कोणी एक मुलगा लातूरला शिकून डॉक्टर झालेला असतो आणि सगळा निर्णय त्याच्याकडे पाहून होतो. आपल्या समाजात तर अशा प्रवेशामागे अनेकदा आईची मजुरी, वडिलांचे कर्ज किंवा मोठ्या भावाचे सोडलेले शिक्षण असते. म्हणून आधी माहिती, मग अर्ज.

लातूरचे नाव झाले ते 'लातूर पॅटर्न'मुळे. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. तेथे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, त्याचे ते पहिले कुलगुरू. जादा तास, सतत सराव परीक्षा, पेपर तपासून चूक दाखवणारे प्राध्यापक, एवढाच तो पॅटर्न होता आणि तो महाविद्यालयाच्या वर्गात चालत होता. नीट आल्यावर वजन खासगी शिकवण्यांकडे सरकले. आज लातूरच्या उद्योग भवन परिसराला लोक 'ट्यूशन एरिया' म्हणतात ते उगीच नाही. नांदेडलाही यशवंत, पीपल्स, सायन्स कॉलेज अशी जुनी महाविद्यालये आहेत आणि शिकवण्याही आहेत. त्यामुळे 'लातूर' या नावासाठी जवळचे चांगले महाविद्यालय सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० ही प्रादेशिक अट सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. बारावी कोणत्या विभागातून केली याला आता राज्याच्या वैद्यकीय जागांसाठी महत्त्व उरलेले नाही. नीटचा गुण आणि प्रवर्ग पाहिला जातो.

स्पर्धा किती आहे? २०२५ च्या दहावीत राज्यात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले. त्यांतील ११३ एकट्या लातूर विभागाचे, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांचे. कला-क्रीडेचे वाढीव गुण त्यात आहेत हे खरे, पण कटऑफ वर जातो तो जातोच. नव्वद टक्के घेतलेल्या मुलाने नामांकित महाविद्यालयात सहज नंबर लागेल असे समजू नये.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आहे. पूर्वी तो काही महानगरांपुरता होता. आता थेट महाविद्यालयात जाऊन 'साहेबांना सांगून' प्रवेश होत नाही. ओळख नसलेल्या घरांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. अर्जाचे दोन भाग असतात: पहिल्यात वैयक्तिक माहिती, दुसऱ्यात पसंतीक्रम. दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येते. यंत्रणा गुणवत्तेप्रमाणे तुमची यादी वरून खाली पाहते, म्हणून अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. मात्र पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. जिथे खरोखर जायचे आहे तेच पहिले लिहा. नेट कॅफेवाल्याला यादी ठरवू देऊ नका.

अनुसूचित जातीसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत. पण ज्याचे गुण खुल्या यादीत बसतात त्याला खुल्या जागेवरच प्रवेश मिळतो आणि राखीव जागा दुसऱ्या मुलाला मिळते. म्हणून प्रवर्ग नमूद करण्यात लाज नाही आणि तोटाही नाही. अल्पसंख्याक संस्थांचे जागावाटप वेगळे असते, ते आधी पाहून घ्यावे.

आता कागदपत्रे. सर्वाधिक मुले इथेच अडकतात. अकरावीला जातीचा दाखला चालतो. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याची तयारी अकरावीतच करावी लागते. अर्ज महाविद्यालयामार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा. आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने महसुली कागद उर्दू किंवा मोडीत सापडतात. त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाकडे वैधता असेल तर वंशावळीसह ती जोडा, काम बरेच हलके होते.

आपल्याकडची खास अडचण वेगळीच. आजोबांच्या निर्गम उताऱ्यावर 'महार', वडिलांच्या टीसीवर 'नवबौद्ध' आणि मुलाच्या टीसीवर जातीच्या रकान्यात नुसते 'बौद्ध'. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या यादीत मूळ जातीचे नाव आहे, 'बौद्ध' नावाची जात नाही. म्हणून जेईई किंवा नीटच्या अखिल भारतीय जागांसाठी केंद्रीय नमुन्यातला, मूळ जातीची नोंद असलेला दाखला वेगळा काढून ठेवा. धर्मांतराने अभिमान दिला, कागदांत मात्र सुसंगती ठेवावी लागते.

खर्चाचा हिशेब करताना अनुदानित तुकडी आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडी यांतला फरक विचारा. एकाच महाविद्यालयात दोन्ही असू शकतात आणि शुल्कात मोठी तफावत पडते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, अर्ज महाडीबीटीवर. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्जही लगेच भरा. तिथे नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम थेट खात्यात येते. मात्र ती महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाही. पहिल्या काही महिन्यांची मेस आणि खोलीभाड्याची सोय घरूनच करावी लागते. शिकवणीचे पैसे यातल्या कोणत्याच योजनेत धरलेले नाहीत आणि लातूरचा खरा खर्च तोच आहे. ट्यूशनची पूर्ण दोन वर्षांची रक्कम एकदम भरायला सांगितली तर हप्ते मागा. दहा-पंधरा दिवस वर्गात बसून मग ठरवू, असे म्हणायला कचरू नका.

टीसी हातात येण्याआधी नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद दहावीच्या शाळेतच तपासून घ्या. दुरुस्ती तिथेच सोपी असते.