ताऱ्यांपासून रक्तवाहिनीपर्यंत

पायाला अकस्मात् सूज आली, किंवा चालतां चालतां पोटरी भरून येऊं लागली, म्हणजे डॉक्टर हल्लीं ‘डॉपलर’ करून घ्यावयास सांगतात. हा शब्द ऐकतांच घरांतील वडील माणसांना धास्ती वाटते. परंतु हें कोणत्याही शस्त्राचें नांव नव्हे. तें एका पाथरवटाच्या मुलाचें आडनांव आहे.

ख्रिश्चन डॉपलर १८०३ सालीं साल्झबुर्ग येथें जन्मला. प्राग येथें गणिताचा अध्यापक असतां १८४२ च्या मे महिन्यांत त्यानें विद्वानांच्या सभेपुढें जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर लहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात, हें त्याचें प्रतिपादन. ताऱ्यांच्या रंगांचा त्यानें केलेला उलगडा चुकीचा ठरला. तत्त्व मात्र खरें निघालें. १८४५ सालीं हॉलंडांत बाइस बॅलट या शास्त्रज्ञानें धांवत्या आगगाडीवर तुतारी वाजविणारे बसविले आणि स्वरांची जाण असलेले वादक रुळांशेजारीं उभे केले. गाडी जवळ येतांना स्वर चढा भासला, दूर जातांना उतरला!

डॉपलर १८५३ सालीं निवर्तला. पुढें शंभर वर्षांनीं, १९५० नंतरच्या दशकांत, जपानांतील ओसाका येथें सातोमुरा यांनीं कानांना ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरांत सोडून हृदयाची व रक्ताची गति टिपली. येथें आगगाडीची जागा धांवत्या रक्तपेशींनीं घेतली होती. त्यापूर्वीं रोहिणींतील अडथळा चित्रांत पाहावयाचा म्हणजे तींत औषध टोंचून क्ष-किरणांचें चित्र घ्यावें लागे. तशी वेळ आजही कधीं कधीं येते. पण बहुधा आरंभ या निरुपद्रवी परीक्षेनें होतो.

या परीक्षेंत रोग्यास मंद उजेडाच्या खोलींत निजवितात, त्वचेवर गार, बुळबुळीत लेप लावतात आणि यंत्राचें टोक त्यावरून फिरवितात. मधून मधून शिरेवर दाब देतात : निरोगी शीर दाबानें चपटी होते, आंत रक्ताची गांठ असेल तर होत नाहीं. सुजलेल्या जागीं थोडें दुखेल, इतकेंच. पडद्यावर तांबडा व निळा रंग उमटतो. तो रक्त शुद्ध कीं अशुद्ध हें सांगत नसून, तें यंत्राच्या टोकाकडे येतें कीं दूर जातें एवढेंच सांगतो. हें काम साधारणपणें अर्ध्या तासापासून तासापर्यंत चालतें. परीक्षक त्या वेळीं कांहीं बोलला नाहीं, तर अशुभ कल्पूं नये. निदान मागाहून चित्रें नीट पाहून करावयाचें असतें.

आणि एकाएकीं यंत्रांतून वाऱ्याच्या झोतासारखा सूं सूं आवाज येऊं लागला, तर दचकूं नका. तो तुमच्याच रक्ताच्या वाहण्याचा आवाज आहे.