उद्योगसंस्थांचे सामाजिक उत्तरदायित्व आणि ग्राहकनिष्ठा

उद्योगसंस्थांचे सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) म्हणजे नफा मिळवीत असताना कामगार, ग्राहक, परिसर आणि व्यापक समाज यांच्याविषयी उद्योगसंस्थेने स्वीकारलेली जबाबदारी होय. ग्राहकनिष्ठा म्हणजे अन्य पर्याय उपलब्ध असतानाही एकाच संस्थेची वस्तू वा सेवा पुन्हा पुन्हा निवडण्याची आणि ती इतरांना सुचविण्याची ग्राहकाची प्रवृत्ती. संस्थेच्या सामाजिक वर्तनामुळे ही निष्ठा वाढते का, आणि वाढत असल्यास कोणत्या परिस्थितीत, हा विपणनशास्त्रातील एक महत्त्वाचा अभ्यासविषय आहे.

संकल्पना

अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांनी १९५३ साली व्यावसायिकांच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर ग्रंथ लिहिला. या विषयाच्या आधुनिक विवेचनाचा प्रारंभ सामान्यतः तेथून मानला जातो. आर्ची कॅरोल यांनी १९७९ मध्ये उद्योगाच्या जबाबदारीचे आर्थिक, कायदेशीर, नैतिक आणि ऐच्छिक असे चार भाग सांगितले. १९९१ मध्ये त्यांनी हीच मांडणी पिरॅमिडच्या रूपात केली. तीत पायाशी आर्थिक जबाबदारी, तर शिखरावर परोपकार आहे. त्यामुळे देणगी हा जबाबदारीचा केवळ एक भाग ठरतो. कायदापालन आणि सचोटी यांची जागा ती घेऊ शकत नाही. याउलट मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली असे प्रतिपादन केले की, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हेच उद्योगाचे सामाजिक उत्तरदायित्व होय.

ग्राहकनिष्ठेविषयी रिचर्ड ऑलिव्हर यांचे विवेचन प्रसिद्ध आहे. त्यांच्या मते निष्ठा चार पायऱ्यांनी दृढ होते: वस्तूविषयीचे ज्ञान, तिच्याविषयीची आवड, ती घेण्याचा संकल्प आणि प्रत्यक्ष कृती. केवळ सवयीने किंवा दुसरे दुकान जवळ नसल्यामुळे होणारी खरेदी म्हणजे निष्ठा नव्हे.

परिणामाची प्रक्रिया

सामाजिक कार्याचा खरेदीवरील परिणाम बहुधा अप्रत्यक्ष असतो. टॉम ब्राऊन व पीटर डेसिन यांच्या १९९७ मधील अभ्यासानुसार, संस्थेच्या सामाजिक कार्याविषयीची माहिती प्रथम संस्थेविषयीचे एकंदर मत घडविते आणि त्या मताची छाया वस्तूच्या मूल्यमापनावर पडते. संस्थेची मूल्ये आपल्या मूल्यांशी जुळतात असे वाटल्यास ग्राहकाला तिच्याविषयी आपुलकी निर्माण होते.

शंकर सेन आणि सी. बी. भट्टाचार्य यांनी २००१ मध्ये एक महत्त्वाची विषमता दाखवून दिली. संस्थेच्या बेजबाबदार वर्तनाची माहिती सर्वच ग्राहकांना खटकते. चांगल्या कार्याने मात्र मुख्यतः तो प्रश्न ज्यांना जिव्हाळ्याचा वाटतो असेच ग्राहक प्रभावित होतात. लुओ आणि भट्टाचार्य यांच्या २००६ मधील संशोधनात आढळले की, नवनिर्मितीची क्षमता कमी असलेल्या कंपन्यांच्या बाबतीत अशा कार्यामुळे ग्राहकांचे समाधान उलट घटू शकते. वस्तूचा दर्जा सुधारण्याऐवजी कंपनी अन्यत्र लक्ष देते, असा समज होणे हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

उदाहरणे

१९८३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने कार्डाच्या प्रत्येक वापरामागे १ सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे १ डॉलर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या जीर्णोद्धारास देण्याची मोहीम राबविली. तीतून सुमारे १७ लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही वाढला. खरेदीशी जोडलेल्या दानाचे हे आद्य उदाहरणांपैकी एक मानले जाते.

१९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधात कोणीतरी सायनाइड मिसळल्याने ७ जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागविल्या आणि छेडछाड लक्षात येईल असे वेष्टन आणले. कोसळलेली विक्री पुढे मोठ्या प्रमाणात सावरली. येथे विश्वास टिकला तो देणगीमुळे नव्हे, तर ग्राहकाच्या सुरक्षिततेला दिलेल्या अग्रक्रमामुळे.

भारतातील स्थिती

भारतात ही परंपरा कायद्याहून जुनी आहे. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी स्थापन झाला. टाटा सन्स या कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश भागभांडवल सार्वजनिक विश्वस्त संस्थांकडे आहे.

कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. नक्त मूल्य किमान ५०० कोटी रुपये, उलाढाल किमान १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी रुपये, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, आपल्या वस्तू वा सेवांच्या विपणनासाठी लाभ मिळावा म्हणून केलेले प्रायोजन या खर्चात धरले जात नाही. म्हणजेच ग्राहकनिष्ठा हा अशा कार्याचा परिणाम असू शकतो. ती मिळविण्यासाठी केलेली जाहिरात मात्र कायद्याच्या दृष्टीने सामाजिक कार्य ठरत नाही.

मर्यादा आणि टीका

ग्राहक जे बोलतात आणि प्रत्यक्ष जे विकत घेतात, त्यांत अनेकदा अंतर असते. किंमत, दर्जा आणि सोय यांपुढे सामाजिक विचार मागे पडतो. फोक्सवॅगन कंपनीने प्रदूषण चाचण्यांत फसवणूक केल्याचे २०१५ मध्ये उघड झाले; तरीही २०१६ मध्ये हा समूह वाहनविक्रीत जगात पहिला ठरला. त्यामुळे बाजारपेठ प्रत्येक गैरवर्तनास आपोआप शासन करते, असे म्हणता येत नाही.

पर्यावरणस्नेहाचा केवळ देखावा करण्याच्या प्रकारास ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. कार्यापेक्षा त्याच्या जाहिरातीवरच अधिक खर्च होत असल्याचे दिसल्यास ग्राहकाच्या मनात हेतूविषयी शंका उत्पन्न होते. दुसरीकडे, कार्य लोकांना ठाऊकच नसेल तर त्यामुळे निष्ठा वाढण्याचे कारण उरत नाही. कार्याची माहिती देणे आणि त्याचा गाजावाजा करणे यांतील सीमारेषा सांभाळणे, ही उद्योगसंस्थांपुढील मुख्य अडचण आहे.