चार तारांचा इतिहास

भोपाळहून नर्मदापुरमकडे निघाले की सुमारे 23 किलोमीटरवर मंडीदीप लागते. पोलादाच्या विजेच्या भट्ट्यांना लागणारे ग्रॅफाइटचे विद्युदग्र येथे तयार होतात. त्यांतून हजारो अँपिअर प्रवाह खेळतो. अशा गावी बसून बारा व्होल्टांची कथा सांगावी, हे काहींना पोरकट वाटेल. परंतु गेल्या वर्षी ह्याच बारा व्होल्टांनी आमच्या शाळेची एक हार्ड डिस्क जळाली आणि नऊ स्नेहसंमेलनांची छायाचित्रे तिच्यासवे गेली.

टेबलावरच्या संगणकातील साडेतीन इंची डिस्कला दोन दाबांची वीज लागते. चकती फिरवणाऱ्या मोटारीला 12 व्होल्ट, आणि विचार करणाऱ्या मंडलांना 5. पिवळी तार बाराची, तांबडी पाचाची, मधल्या दोन काळ्या परतीच्या. ही चौकडी अमेरिकेतील एएमपी कंपनीने 1963 साली आणलेल्या मेट-एन-लॉक जोडण्यांतली. शुगार्ट कंपनीच्या 1976 च्या सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हने ती स्वीकारली आणि पुढे तोच प्रघात पडला. बाजारात मात्र तिला 'मोलेक्स' म्हणतात, जी वेगळीच कंपनी! जन्म एकाचा, नाव दुसऱ्याचे.

आपल्याकडे 1984 साली 'क्लास' प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. फ्लॉपी ड्राइव्हला वीज देणारे तोंड त्याच्या चक्क पोटाखाली होते. आयबीएमच्या 1981 च्या पीसीला 63.5 वॉटची वीजपेटी पुरत असे. 1983 च्या एक्सटीत 10 मेगाबाइटची डिस्क आली, तेव्हा पेटी 130 वॉटची करावी लागली.

जुनी जोडणी छाटलेले कोपरे असूनही जोर लावून उलटी बसवणारे महाभाग होतेच. 2003 साली आलेल्या साटा पद्धतीने ती सोय ठेवली नाही. तिची पंधरा टोके एकाच बाजूने बसतात, आणि परतीची काही टोके किंचित लांब असल्याने ती प्रथम टेकतात.

हे सारे डिस्कच्या बाजूचे झाले. पेटीकडची बाजू मात्र मोकाट राहिली. सुट्या केबलींच्या पेट्या निघाल्या (दुकानात ह्या पेटीला एसएमपीएस म्हणतात), तेव्हा त्या टोकाला सर्व कारखानदारांनी मिळून काही ठरवले नाही. एकाची केबल दुसऱ्याच्या पेटीत अलगद बसते. आतील तारांचा क्रम मात्र निराळा असू शकतो.

आमची पेटी निकामी झाली. नवी आणली. प्रयोगशाळेतील मदतनीस जुन्या केबली काढू लागला, तेव्हा "राहू दे रे, बसतात की त्याच," असे त्याला मीच सांगितले. कळ दाबली, आणि पाचाच्या तारेत बारा शिरले. बारीक धूर निघाला, करपट वास आला.

जळाले ते डिस्कखालचे मंडल. चकतीवरील चुंबकीय नोंदी बहुधा शाबूत असाव्यात. त्याच जातीचे मंडल मिळवून, जुन्यावरील स्मृतिचिप काढून त्यावर बसवावी लागते. असा हात असलेला कारागीर मी भोपाळात शोधतो आहे. डिस्क माझ्या कपाटात आहे आणि ती केबल तिच्याच भोवती गुंडाळून ठेवली आहे.